फ्रेंच उपहासचित्रांतील महत्त्वाकांक्षी विद्यार्थी

एकोणिसाव्या शतकात, विशेषतः १८३० ते १८४८ या कालखंडात, उच्च शिक्षणासाठी पॅरिसमध्ये आलेल्या व मोठेपणाची स्वप्ने पाहणाऱ्या तरुणाची थट्टा करणारी शिलामुद्रित चित्रे. ती दैनिके व साप्ताहिके यांतून प्रसिद्ध होत आणि चित्रविक्रेत्यांच्या दुकानांत सुटीही विकली जात. ऑनोरे दोम्ये (१८०८–७९) व गाव्हार्नी (१८०४–६६) हे या चित्रप्रकारातील दोन प्रमुख कलावंत होत. तत्कालीन विद्यार्थिजीवनाचे विश्वसनीय चित्रण म्हणून या चित्रांकडे पुष्कळदा पाहिले जाते. वेशभूषा, खोलीतील सामान, नृत्यगृहे, बोलण्याची ढब यांविषयी ती खरोखरच पुष्कळ माहिती देतात. परंतु विद्यार्थी कसा होता यापेक्षा चित्र विकत घेणाऱ्या सुखवस्तू मध्यमवर्गाला तो कसा असावासा वाटत होता, याचा पुरावा म्हणून त्यांचे मोल अधिक आहे. या चित्रांत काय दाखविले आहे याबरोबरच काय गाळले आहे, हे पाहिल्याशिवाय त्यांचे मूल्यमापन पुरे होत नाही.

पार्श्वभूमी : नेपोलियनने शिक्षणव्यवस्थेची पुनर्रचना केली, तीत १८०८ मध्ये ‘बाकालोरेआ’ ही परीक्षा सुरू झाली. १८०९ मध्ये या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यांची संख्या अवघी ३१ होती; पुढे ती झपाट्याने वाढत गेली. ही परीक्षा म्हणजे कायदा व वैद्यक या विद्याशाखांचे प्रवेशद्वार आणि तेथून पुढे वकिली, न्यायखाते, प्रशासन व वैद्यकीय व्यवसाय यांकडे जाणारी वाट होती. लहानमोठे जमीनदार, सरकारी दस्तऐवज करणारे नोटरी, दुकानदार आणि खालच्या दर्जाचे अधिकारी आपल्या मुलांना प्रांतांतून पॅरिसला धाडू लागले. सीन नदीच्या डाव्या तीरावरील ‘लॅटिन क्वार्टर’ ही या मुलांची वस्ती होय. जन्माने नव्हे तर गुणांनी पद मिळेल, हे क्रांतीने दिलेले आश्वासन त्यांनी खरे मानले होते.

प्रत्यक्षात पदे थोडी आणि उमेदवार पुष्कळ अशी स्थिती होती. १८३० च्या जुलै क्रांतीत विद्यार्थी रस्त्यांवरील मोर्च्यांच्या आडोशाने लढले. ‘एकोल पोलितेक्निक’ या अभियांत्रिकी विद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी त्या लढ्यात पुढाकार घेतला. परंतु क्रांतीतून सत्तेवर आलेल्या लूई फिलिपच्या राजवटीत मताधिकार केवळ करावर अवलंबून राहिला. वर्षाला किमान २०० फ्रँक प्रत्यक्ष कर भरणाऱ्या पुरुषालाच मत देता येई. सुमारे साडेतीन कोटी लोकसंख्येच्या देशात मतदारांची संख्या अखेरपर्यंत अडीच लाखांवर गेली नाही. कायद्याचा पदवीधर निर्धन असेल, तर त्याच्या पदवीला या व्यवस्थेत काहीच वजन नव्हते. करमर्यादा खाली आणावी व उच्चशिक्षित व्यावसायिकांना मतदार म्हणून मान्यता द्यावी, ही सूचना १८४७ मध्ये संसदेने फेटाळून लावली. ज्याला शिक्षणाने वर चढण्याचे स्वप्न दिले त्याला समाजाने दाराशीच उभे केले, अशा तरुणाची ही उपहासचित्रे आहेत. त्यांतील विनोद हलकाफुलका असला, तरी त्यामागील परिस्थिती तशी नव्हती.

तंत्र व प्रसार : आलोइस झेनेफेल्डर याने अठराव्या शतकाच्या अखेरीस म्यूनिक येथे शोधून काढलेले शिलामुद्रण १८१६ च्या सुमारास पॅरिसमध्ये स्थिरावले. चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट खडूने रेखाटन करावयाचे, शिळा ओली करावयाची आणि वर शाई फिरवावयाची. शाई फक्त तेलकट रेषांना धरते व तेवढाच भाग कागदावर उमटतो. ताम्रपटावरील कोरीव कामाला दिवसच्या दिवस लागत. शिलामुद्रणात कलावंताचा हात जसाच्या तसा आणि अल्पावधीत कागदावर उतरत असे. त्यामुळे रोजच्या घडामोडींवर रोज चित्र देणारे वृत्तपत्र शक्य झाले.

या शक्यतेचा पुरेपूर उपयोग शार्ल फिलिपाँ या प्रकाशकाने केला. ला कारिकात्यूर हे साप्ताहिक त्याने १८३० मध्ये व ल शारिव्हारी हे दैनिक १८३२ मध्ये सुरू केले. त्याचा मेहुणा ओबेर याच्या चित्रविक्रीच्या दुकानाच्या काचेसमोर बघ्यांची गर्दी जमत असे. प्रारंभीची चित्रे उघडपणे राजकीय होती. राजाला अधाशी राक्षसाच्या रूपात दाखविणारे ‘गार्गांत्युआ’ हे चित्र काढल्याबद्दल दोम्येला सहा महिन्यांच्या कारावासाची शिक्षा झाली. जुलै १८३५ मध्ये राजावर प्राणघातक हल्ला झाला आणि त्या निमित्ताने सप्टेंबर १८३५ मध्ये कडक मुद्रणनिर्बंध लादण्यात आले. त्यांनुसार प्रत्येक चित्र प्रसिद्धीपूर्वी सरकारमान्य करून घेणे बंधनकारक झाले. ला कारिकात्यूर बंद पडले. ल शारिव्हारी टिकले, पण त्याला विषय बदलावे लागले.

राजा व मंत्री यांची जागा आता समाजातील नमुन्यांनी घेतली. दुकानदार, घरमालक, कारकून, अभिनेत्री यांच्या जोडीने विद्यार्थीही या दालनात आला. ज्या विद्यार्थ्याने १८३० मध्ये बंदूक हाती धरली होती, त्याच्या हाती १८४० च्या चित्रांत तंबाखूची लांब नळी आणि बिलियर्डची काठी दिसते. हा बदल केवळ कलावंतांच्या आवडीनिवडीचा नव्हता. निर्बंधांखाली जो विद्यार्थी छापता येण्याजोगा होता तोच छापला गेला.

गाव्हार्नी : सूल्पीस गीयोम शव्हाल्ये हे गाव्हार्नीचे मूळ नाव. पिरेनीज पर्वतातील गाव्हार्नी या गावावरून त्याने आपले टोपणनाव घेतले. फॅशनविषयक नियतकालिकांसाठी चित्रे काढून त्याने हात तयार केला होता, आणि कर्ज न फेडल्याबद्दल १८३५ मध्ये क्लिशीच्या तुरुंगाचा अनुभवही घेतला होता. १८४० च्या आसपास ल शारिव्हारीमधून प्रसिद्ध झालेली ‘पॅरिसचे विद्यार्थी’ ही त्याची मालिका या विषयावरील सर्वांत प्रसिद्ध कृती होय.

पोटमाळ्यावरची खोली, विस्कटलेला बिछाना, भिंतीवर टांगलेल्या तंबाखूच्या नळ्या, न उघडलेले कायद्याचे ग्रंथ, आणि विद्यार्थ्याच्या सोबतीला शिवणकाम करून पोट भरणारी तरुणी अर्थात ‘ग्रिझेत’, अशी गाव्हार्नीची सृष्टी आहे. घरून आलेले पैसे महिनाअखेरीपूर्वी संपतात. मग कोट गहाण पडतो. सरकारी गहाणवट पेढीला पॅरिसच्या बोलीत ‘आत्या’ म्हणत, आणि या आत्याकडे जाणे हा विद्यार्थिजीवनातील नित्याचा विधी असे. वडिलांना लिहिलेल्या पत्रांत मात्र अभ्यासाची जागरणे आणि ग्रंथखरेदीचा खर्च यांचीच वर्णने असतात.

गाव्हार्नीची रेषा लवचिक व सौम्य आहे. करड्या छटांचा त्याचा खेळ अप्रतिम आहे. चित्राखालील छोटे संवाद तो स्वतः लिही आणि पुष्कळदा चित्र आधी काढून मग त्यातील माणसे काय बोलत असतील ते ठरवी. त्यामुळे त्याच्या चित्रांना नाटिकेतील एखाद्या प्रवेशाचा डौल येतो. परंतु याच डौलात त्यांची मर्यादाही आहे. त्याचा विद्यार्थी कधी म्हातारा होत नाही आणि कधी उपाशीही राहत नाही. दारिद्र्य हा येथे तारुण्याचा एक वेश आहे. तो उतरवून ठेवला की गावी वडिलांची कचेरी व नेमस्त विवाह वाट पाहत आहेतच. चित्र पाहणारा प्रतिष्ठित गृहस्थ आपल्या मुलावर हसतो, स्वतःच्या तरुणपणावर हसतो आणि दोघांनाही क्षमा करतो. ज्या क्षमेला काहीच किंमत मोजावी लागत नाही, तिचे हे चित्र आहे. ग्रिझेतला मात्र ही परतीची वाट नव्हती आणि चित्रमालिका त्या ठिकाणी थांबते.

‘फिझिओलोजी’ पुस्तिका : १८४० ते १८४२ या काळात निरनिराळ्या मानवी नमुन्यांचे, जणू प्राणिशास्त्रातील जातींप्रमाणे, विनोदी वर्णन करणाऱ्या लहान आकाराच्या सचित्र पुस्तिकांची लाटच आली. त्यांना ‘फिझिओलोजी’ म्हणत. लूई ह्यूआर याची विद्यार्थ्यावरील पुस्तिका १८४१ मध्ये निघाली. क्यूर्मेर या प्रकाशकाने काढलेल्या फ्रेंचांनीच रेखाटलेले फ्रेंच (१८४०–४२) या बहुखंडी ग्रंथात कायद्याच्या विद्यार्थ्यावर स्वतंत्र प्रकरण आले. जातिवर्णनाच्या या पद्धतीने वाचकाला अफाट वाढणाऱ्या शहरातील अनोळखी माणूस ओळखता येत असल्याचे समाधान दिले. त्याचबरोबर प्रत्येक माणसाला त्याच्या चौकटीत पक्के बसविले. विद्यार्थ्याची महत्त्वाकांक्षा ही व्यवस्थेतील पेचाची खूण न राहता त्या ‘जाती’चे लक्षण ठरली. तिची कारणे शोधण्याची मग गरज उरली नाही.

दोम्ये : विद्यार्थ्याला केंद्रस्थानी ठेवणारी गाव्हार्नीच्या तोडीची मालिका दोम्येच्या नावावर नाही, तथापि या विषयावरील सर्वांत मर्मभेदी भाष्य त्याचेच आहे. काच बसविणाऱ्या कारागिराचा हा मुलगा लहानपणी न्यायालयीन अंमलदाराच्या कचेरीत निरोप्या होता. कायद्याचे जग त्याने पाहिले ते वर्गातून नव्हे, तर व्हरांड्यातून. त्याने सुमारे ४,००० शिलामुद्रिते निर्माण केली.

फिलिपाँच्या शब्दांची जोड असलेल्या ‘कारिकात्यूराना’ (१८३६–३८) या १०० चित्रांच्या मालिकेत त्याने रोबेर माकेर हे रंगभूमीवरील भामट्याचे पात्र घेतले. फ्रेदेरिक लमेत्र या नटाने हे पात्र लोकप्रिय केले होते. दोम्येचा माकेर कधी वकील होतो, कधी वैद्य, कधी सावकार, तर कधी वृत्तपत्राचा मालक. वेश बदलतो, माणूस तोच राहतो. ज्या पदांसाठी प्रांतांतील हजारो मुले पॅरिसची वाट धरत होती, ती पदे आत्मविश्वास, झोकदार कोट आणि निर्लज्जपणा यांच्या बळावरही मिळतात, असे ही मालिका सुचविते. यात महत्त्वाकांक्षी तरुणापेक्षा महत्त्वाकांक्षेला बक्षीस देणाऱ्या समाजावरच प्रहार आहे.

‘न्यायखात्याची माणसे’ (१८४५–४८) या मालिकेत दोम्येने याच प्रवासाची अखेर दाखविली. काळ्या झग्यांची फुगलेली पाखरे, खोट्या संतापाने उंचावलेले हात, न्यायालयात एकमेकांवर तुटून पडून बाहेर हसत भेटणारे प्रतिपक्षाचे वकील हे तिचे विषय होत. एका चित्रात खटला हरलेल्या बाईला तिचा वकील, निदान आपले भाषण ऐकण्याचा आनंद तरी तिला मिळाला असेल, असे सुनावतो. दुसऱ्या एका चित्रात न्यायमंदिराच्या भव्य जिन्यावरून एक वकील मान ताठ ठेवून, डोळे अर्धवट मिटून खाली उतरतो. वास्तूचे सारे मोठेपण त्याने आपलेच समजलेले आहे. गाव्हार्नीच्या पोटमाळ्यावरील विद्यार्थी पंचवीस वर्षांनी कोण होतो, याचे हे उत्तर आहे. विद्यार्थी चित्रात कोठेच नाही आणि तरीही त्याच्या महत्त्वाकांक्षेवरचे सर्वांत कठोर भाष्य येथेच आहे. परीक्षेत नापास होणे ही गाव्हार्नीच्या दृष्टीने गंमत आहे. उत्तीर्ण होणे ही दोम्येच्या दृष्टीने शोकांतिका ठरू शकते.

स्त्रिया व विद्या : या चित्रांतील विद्यार्थी नेहमी पुरुष असतो. पॅरिसच्या वैद्यकशाखेत स्त्रियांना प्रवेश मिळाला तो १८६८ मध्ये. त्यापूर्वी विद्येची हौस असलेली स्त्री उपहासचित्रात आली ती ‘निळ्या मोज्यांची बाई’, म्हणजे विदुषीपणा मिरविणारी लेखिका म्हणून. दोम्येच्या १८४४ मधील या विषयावरील मालिकेत एक आई लेखनात गढून गेली आहे आणि तिचे मूल मागे पाण्याच्या टबात डोक्यावर पडले आहे, असे चित्र आढळते. रचना उत्कृष्ट असली, तरी दोम्येची न्यायबुद्धी येथे थिटी पडते. पुरुषाच्या महत्त्वाकांक्षेवर हसताना तो समाजाला जाब विचारतो, स्त्रीच्या महत्त्वाकांक्षेवर हसताना मात्र समाजाचीच बाजू घेतो. एरव्ही निर्भय असलेला उपहास आपल्या वाचकाच्या सर्वांत जुन्या ग्रहापुढे कसा नमतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

कादंबरी व चित्र : या विषयाला सखोल रूप कादंबरीने दिले. बाल्झाकच्या ल पेअर गोरिओ (१८३५) या कादंबरीतील रास्तिन्याक हा आंगुलेम प्रांतातून आलेला कायद्याचा विद्यार्थी होय. स्वस्त खाणावळीत राहणाऱ्या या तरुणाला व्होत्रँ हा अट्टल गुन्हेगार सरकारी पदांची संख्या व त्यांवर डोळा ठेवून असलेल्या उमेदवारांची संख्या यांचा हिशेब ऐकवितो. नेमका हा हिशेब विद्यार्थिचित्रांत सहसा आढळत नाही. बाल्झाकच्याच झेड. मार्का (१८४०) या कथेत वृद्धांनी अडवून धरलेल्या समाजात कुजत जाणाऱ्या कर्तबगारीचे दर्शन घडते. फ्लोबेरच्या भावनिक शिक्षण (१८६९) या कादंबरीचा नायक फ्रेदेरिक मोरो १८४० मध्ये कायदा शिकावयास पॅरिसला येतो. गाव्हार्नीच्या विद्यार्थ्याचे वय थांबलेले असते. फ्लोबेरने त्याला म्हातारा होऊ दिले आणि विनोदाची जागा रितेपणाने घेतली. झ्यूल व्हालेसच्या पदवीधर (१८८१) या कादंबरीत ग्रीक-लॅटिन शिकलेला तरुण नोकरीअभावी अक्षरशः उपासमार सोसतो. चित्रकारांनी जे गाळले, ते कादंबरीकारांनी अशा रीतीने भरून काढले. चित्राला क्षणच दाखविता येतो हे याचे एक कारण. निर्बंध व ग्राहक ही दुसरी दोन.

तत्कालीन समीक्षकांत बोदलेअरने १८५७ मधील फ्रेंच व्यंगचित्रकारांवरील निबंधात या दोघांतील भेद अचूक ओळखला. गाव्हार्नी हा चित्रकाराइतकाच लेखक असून त्याच्या चित्राला शब्दांची गरज असते, उलट दोम्येचे चित्र शब्दांवाचून समजते, हा त्याच्या विवेचनाचा आशय होता. गाव्हार्नीच्या उपहासात दंशापेक्षा खुशामत अधिक आहे, हेही त्याने जाणले होते.

१८४८ व त्यानंतर : जानेवारी १८४८ मध्ये मिशले या इतिहासकाराची व्याख्याने सरकारने बंद पाडली, तेव्हा विद्यार्थी निषेधार्थ रस्त्यावर आले. २२ फेब्रुवारीला पँथिऑनच्या चौकातून निघालेल्या मोर्च्यातही ते होते आणि दोनच दिवसांत राजाला पदत्याग करावा लागला. आळशी, विलासी व निरुपद्रवी म्हणून दहा वर्षे रंगविलेला विद्यार्थी हाच. चित्रांनी त्याचे जे रूप लोकप्रिय केले होते, ते खोटे नसले तरी अर्धेच होते, हे घटनांनीच दाखवून दिले. पुढे म्यूर्झेरच्या कलंदर जीवनाची दृश्ये (१८५१) या पुस्तकाने पोटमाळ्यावरील दारिद्र्याला काव्यमय वलय दिले. १८८१ च्या कायद्याने चित्रांवरील पूर्वतपासणी संपली. तोवर विद्यार्थी हा ठराविक विनोदाचा विषय म्हणून बराच झिजून गेला होता.

मुंबईशी संबंध : फ्रेंच उपहासचित्राची परंपरा लंडनमार्गे मुंबईपर्यंत पोहोचली. १८४१ मध्ये निघालेल्या पंच या इंग्रजी साप्ताहिकाने ‘लंडनचे शारिव्हारी’ असे उपशीर्षकच धारण केले होते. त्याच्या धर्तीवर मुंबईत १८५४ मध्ये पारसी पंच सुरू झाले व पुढे त्याचेच हिंदी पंच झाले. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. म्हणजे उपहासचित्राचे साधन या शहरात पदवीधरापेक्षा आधी येऊन थांबले होते. तथापि पॅरिसप्रमाणे विद्यार्थी हा मराठी मुद्रितचित्राचा प्रमुख नमुना बनला नाही. राजा रविवर्मा यांचा शिलामुद्रणाचा छापखाना १८९४ च्या सुमारास मुंबईत निघाला, काही काळ घाटकोपर येथे चालला आणि नंतर मळवलीस गेला. त्याच्या शिळांवरून प्रामुख्याने देवदेवता व पुराणातील नायिका उमटल्या. घरोघर भिंतीवर त्यांनाच मान मिळाला. ज्या तंत्राने पॅरिसच्या मध्यमवर्गाला स्वतःवर हसावयास लावले, त्याच तंत्राने येथील मध्यमवर्गाला पूजेची चित्रे पुरविली.

नवशिक्षितांचा उपहास मराठीत मुख्यतः रंगभूमीवर व गद्यात झाला. नारायण बापूजी कानिटकर यांची तरुणी-शिक्षण नाटिका (१८८६) स्त्रीशिक्षणाची टर उडविते; ‘निळ्या मोज्यांच्या बाई’वरील फ्रेंच चित्रांशी तिचे नाते उघड आहे. शिकलेली स्त्री घर बुडविते, ही समजूत दोन्हीकडे सारखीच आहे. त्याच वर्षी आनंदीबाई जोशी यांनी अमेरिकेत वैद्यकाची पदवी मिळविली, ही वस्तुस्थिती त्या समजुतीचे मोल ठरविण्यास पुरेशी आहे. भारतीय चित्रकलेत दोम्येच्या दृष्टीशी अधिक जवळचे काम विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या दशकांत गगनेंद्रनाथ टागोर यांनी बंगालमध्ये केले. विद्यापीठाला कारखान्याच्या रूपात दाखविणाऱ्या त्यांच्या शिलामुद्रितात हसू विद्यार्थ्यावर नसून यंत्रावर आहे.

मूल्यमापन : महत्त्वाकांक्षा ही हास्यास्पद ठरते ती तिचे उद्दिष्ट व तिची कुवत यांत अंतर पडते तेव्हा. ते अंतर विद्यार्थ्याच्या आळसाने पडले की पदांच्या अभावाने, हा प्रश्न उपहासकाराने विचारला तर उपहास समाजचिकित्सेच्या पातळीवर जातो. न विचारला तर तो चांगल्या घरातील करमणूक होऊन राहतो. गाव्हार्नीची विद्यार्थिचित्रे रेखाटनाच्या दृष्टीने या प्रकारातील सर्वांत मोहक असूनही बहुधा दुसऱ्या वर्गात मोडतात. दोम्येची वकिलांची चित्रे, एकही विद्यार्थी न दाखविता, पहिल्या वर्गात जातात. पदवीसाठी धडपडणाऱ्या मुलावर हसणे सर्वच काळांत सोपे असते. त्या पदवीचे पुढे काय होते, हे दाखविणारा चित्रकार मात्र क्वचितच आढळतो.